डावखुऱ्याची रायफल

१४ जानेवारी २००२, संक्रांत

नवी डायरी. कंपनीने दिली. कपाटात, कुलपात राहणार. बायको मोहिनी वाचते असा संशय आहे, म्हणून पानात एक केस ठेवून बंद करणार. केस माझाच. डोक्यावर शिल्लक आहेत त्यांतला, म्हणजे त्याग मोठा आहे.

निर्णय पक्का. रायफल घ्यायची. कुठलीही नाही, लिव्हर-ॲक्शन. ट्रिगरच्या खाली दांडा असतो. खाली ओढला की रिकामं काडतूस बाहेर, वर आणला की नवीन आत. बाकीच्या रायफलींना बोल्ट असतो आणि त्याची मूठ उजवीकडे. मी डावखुरा. कात्री, कॅनचा ओपनर, कॉलेजची बाकडी, सगळीकडे हाच कट आहे. लिव्हर मात्र मधोमध. कोणाची बाजू घेत नाही.

शिकारीला बंदी आहे, ठाऊक आहे. पण उद्या चांदवडला सासऱ्यांच्या कांद्यात रानडुकरं घुसली आणि सरकारने परवानगी दिली, तर माणूस तयार नको? एरवी टार्गेट शूटिंग. लायसन्सच्या अर्जात दोन्ही कारणं लिहिली. अर्ज परवाच दिला.

शेजारचा खंडेराव तीळगूळ घेऊन आला. एसटीतून रिटायर झालेला कंट्रोलर. बिनकामाचा हसतो. काय लिहिताय भाऊ, म्हणाला. मी पान झाकलं. याला कसं कळलं मी लिहितोय? हातात पेन होतं हे खरं, पण तरी.

२७ जानेवारी

रविवार कारंजाच्या चौकात रद्दीवाल्याकडे परदेशी बंदुकांचा कॅटलॉग मिळाला. जुना, पण लिव्हरवाल्यांना वेगळा भाग. रोज दोन पानं वाचायची असा नियम. डिक्शनरी शेजारी.

साक्षी म्हणाली, बाबा, दहावी माझी आहे, अभ्यास तुम्ही करताय. पोरगी आईवर गेली.

१० फेब्रुवारी

बंदुकीच्या दुकानात गेलो. शेठ म्हातारे, चष्मा कपाळावर. लिव्हर-ॲक्शन दाखवा म्हणालो. त्यांनी आधी मला पाहिलं. म्हणाले, साहेब, ती इकडे बनत नाही, बाहेरून येणं केव्हाच बंद झालं. जुन्या आहेत थोड्या, लायसनवाल्याकडून लायसनवाल्याकडे जातात. कोणी म्हातारा झाला, कोणी गेला, तरच निघते. तुमच्या नातेवाइकांत विचारा.

माझ्या नातेवाइकांत! कांदे, द्राक्षं आणि भांडणं, यापलीकडे आमच्यात काही निघालेलं नाही.

मागे पडदा होता. पडद्यामागे काहीतरी होतं. मी वाकून बघितलं तर तिथे शेठचा भाऊ डबा खात होता. खात होता की खाण्याचं नाटक करत होता, सांगता येत नाही. अंबडच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये इतकी वर्षं काढली आहेत. समोरचा माल ओके दिसला की मी दोनदा तपासतो.

१७ मार्च

रायफल क्लबात पहिला दिवस. क्लबच्या रायफलीने सराव करू देतात. खंडेरावही आला. मी येतोय हे त्याला कोणी सांगितलं? मोहिनी म्हणते मीच, जिन्यात, मोठ्या आवाजात. आठवत नाही.

झोपून नेम धरायचा. रायफल बोल्टवाली, मूठ उजवीकडे, म्हणजे दर गोळीनंतर मला स्वतःच्याच गळ्यात हात घालावा लागला. तरी हात स्थिर. कोच माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. छाप पडली असावी.

टार्गेटचे कागद परत आले. माझा कोरा. एकही भोक नाही. खंडेरावच्या कागदावर त्याने झाडलेल्या गोळ्यांपेक्षा जास्त भोकं! काय म्हणावा निर्लज्जपणा, तो हसून म्हणाला, भाऊ, यातली निम्मी तुमची असतील. म्हणजे कबुलीच दिली की माझ्या गोळ्या त्याने घेतल्या. कोचनी त्यालाच शाबासकी दिली. पाठीवर थाप सुद्धा.

घरी सांगितलं. मोहिनी म्हणाली, अहो, तुम्ही शेजारच्याच्या कागदावर मारत होता. नवरा मी, पण ही बोलते खंडेरावच्या बाजूने. नोंद करून ठेवतो.

७ एप्रिल

खंडेरावनेही लायसन्ससाठी अर्ज केला. रिटायर माणसाला विरंगुळा नको का, म्हणाला. विरंगुळ्याला बुद्धिबळ आहे, बाग आहे, नातवंडं आहेत. हा माझ्या मागावर आहे.

१५ मे, आखाजी, चांदवड

सासुरवाडी. अक्षय्य तृतीयेचे मांडे आणि आमरस. सासरे अण्णा, म्हणजे सावळीराम, आता फार थकले. कपबशी उचलली की बशी वाजते. मोहिनी सारखी त्यांच्या हाताकडे बघत होती.

जेवताना अण्णा म्हणाले, पाव्हणं, लायसन काढताय म्हणं. मंग माझीच घ्या की. डिसेंबरात मुदत सरती माझी. हात असा, आता मला परत कोन देतंय. दुसऱ्या कुनाकडं लायसन नाय झालं तर ठाण्यात जमा करावी लागंल. एकदा जमा झाली की माघारी येत नसती.

आता ही अण्णांची बंदूक म्हणजे माळ्यावर गोधडीत गुंडाळलेलं एक लांब गाठोडं. लग्नापासून बघतोय, आत काय ते कधी पाहिलं नाही. असणार ठासणीची. अण्णा ती कशी चालते ते हातवारे करून सांगत होते. मी मान डोलावत होतो. लक्ष नव्हतं, कारण आमरसाचा रंग जरा जास्तच पिवळा होता.

फुकट का देतायत? हा खरा प्रश्न. आमच्या कंपनीत फुकट आलेला माल पहिला रिजेक्ट होतो. नळी तरी फुटली असणार किंवा काही भानगड. गोड बोलून टाळलं. म्हणालो, अण्णा, मी पारखून निवडणारा माणूस आहे. अण्णांनी पानातला मांडा मोडला. मग म्हणाले, बरं, तुमची मर्जी.

परत येताना बसमध्ये मोहिनी खिडकीबाहेर बघत राहिली. विचारलं तर म्हणाली, त्यांच्या वडलांची आहे ती. मी म्हणालो, मग तर आणखीच जुनी.

१६ जून, रविवार

रायफल ठेवायचा स्टँड स्वतः केला. कंपनीच्या पॅकिंगचं लाकूड, दोन खुंट्या, आतून हिरवं मखमल. मापं कॅटलॉगवरून. हॉलमध्ये शोकेसच्या वर लावला. साक्षीच्या मैत्रिणीने विचारलं, काका, हे काय? साक्षी म्हणाली, ते बाबांचं रिकामं आहे. काय बोलते ही पोरगी!

दसऱ्याला आपल्याकडे शस्त्रपूजा असते. इतकी वर्षं मी पाटावर व्हर्नियर कॅलिपर ठेवत आलो. क्वालिटीवाल्याचं शस्त्र तेच. यंदा नाही. यंदा दसऱ्याला रायफल. सगळ्या कॉलनीला बोलावणार. खंडेरावला सर्वांत शेवटी.

२१ जुलै

कचेरीतल्या क्लार्कने सांगितलं, साहेब, लायसनच्या आधी पोलीस चौकशी होते. साध्या कपड्यात माणूस येतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, स्वभाव कसा, भांडण-तंटा काय.

चिंतेचं कारण नाही. मी मनमिळाऊ आहे. तरी हिशेब लावला तर असं दिसतं: तळमजल्यावाल्यांशी पाण्यावरून बोलणं बंद. वरच्यांशी कुंड्यांवरून. समोरच्यांनी माझं वर्तमानपत्र वाचून परत घडी घालून ठेवलं होतं, त्यावरून. चुका त्यांच्याच, पण चौकशीवाल्याला एवढं कोण समजावणार.

संकल्प: आजपासून कोणावरही संशय घ्यायचा नाही. सगळ्यांशी हसायचं.

२८ जुलै

आठवडाभर हसलो. जबडा दुखतो. तळमजल्यावाल्यांनी आज भरलेल्या कारल्याची वाटी पाठवली. इतकी वर्षं नाही आणि आजच? चौकशी होणार हे यांना कळलेलं दिसतं. कारली मोहिनीला आधी खायला दिली. तिला काही झालं नाही. तोवर कारली संपली.

६ सप्टेंबर, पोळा, चांदवड



अण्णांनी गाठोडं खाली काढलं होतं. तेल द्यायला. बैलांच्या शिंगांना रंग लावून झाला होता, उरलेली सुतळी अजून अंगणात होती. गोधडी उलगडली आणि मी जागच्या जागी बसलो. लिव्हर! कॅटलॉगमधल्यासारखीच, पॉइंट टू टू बोअरची, वर निळी झाक, लाकूड गुळगुळीत. अण्णांनी दांडा खाली ओढला, वर आणला. खट्-खट्. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. आमच्या कंपनीत तरी नाहीच.

म्हणालो, अण्णा, ही लिव्हर-ॲक्शन आहे! अण्णा म्हणाले, आखाजीला तेच तर सांगत व्हतो, पाव्हणं. तुमचं ध्यान रसात व्हतं.

मग त्यांनी लाकडावरचा एक डाग दाखवला. त्यांचा आणि त्यांच्या वडलांचा गाल टेकून टेकून पडलेला. डाग उजव्या अंगाला. म्हणजे गाल त्या बाजूने टेकणारे, डाव्या खांद्यावरून मारणारे! अण्णा डावखुरे आहेत. इतक्या वर्षांत मला दिसलं नाही. जेवतात उजव्यानेच, कळणार कसं? अण्णा म्हणाले, आमी बापलेक दोघं डावरे. तुम्हीबी डावरे. मोहिनीच्या लग्नातच मनात म्हणलं व्हतं, बंदुकीला घेणारा मानूस सापडला.

हे त्यांनी इतकी वर्षं मनात ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बैलांच्या धुळीमुळे नाही.

खांद्याला लावून पाहिली. माझ्याच मापाने केल्यासारखी बसली. मी म्हणालो, अण्णा, दसऱ्याला ही माझ्या घरी. अण्णा म्हणाले, लायसन आलं की घिऊन जा, म्या काय मेल्यावर नेनार हाय काय. मोहिनी हसली. बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे बघून हसली.

आता फक्त लायसन्स. एवढंच उरलंय.

१९ सप्टेंबर, गुरुवार

काहीतरी शिजतंय. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला लखन म्हणाला, साहब, एक आदमी तुमची पूछताछ करत होता. भांडतो का, पितो का, घरी किती वाजता येतो. लखनने काय सांगितलं विचारलं. म्हणाला, मी बोललो साहब चांगले आहेत, फक्त कॉलर तीन वेळा परत पाठवतात.

घरी किती वाजता येतो! हे चोरच विचारतात. मखमली स्टँडची बातमी बाहेर फुटलेली आहे. रायफल येणार हे कळलंय आणि घर हेरायला माणूस पाठवलाय. कोणी पाठवला? खंडेराव. सिद्ध करता येत नाही, पण वास येतो.

उद्या रजा. पहारा.

२० सप्टेंबर

सकाळी साडेदहा. आला. खिडकीतून पाहिला. टक्कल, मिशी, साधा शर्ट, काखेत डायरी. पायात तपकिरी बूट, पोलीस घालतात तसले. आजकाल चोर बूटही पोलिसांचे चोरतात! काय दिवस आलेत.

साडेबारा. काम फत्ते. त्याने आधी तळमजल्यावर बेल वाजवली, गोडगोड बोलला. मग जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत शिरला, मीटरवरची नावं वाचायला. पक्का हेर. मी चप्पल काढून जिना उतरलो आणि बाहेरून कडी घातली. आतून तो ओरडला, अहो, मी पोलीस आहे. मी म्हणालो, मीसुद्धा क्वालिटी कंट्रोल आहे. वर येऊन ठाण्याला फोन लावला. तिकडून विचारलं, माणूस कसा दिसतो. वर्णन दिलं. मी वर्णनात पक्का आहे, तिळापर्यंत सांगितलं. तिकडे कोणीतरी फोनवर हात ठेवून हसलं. मग गंभीर आवाजात म्हणाले, आम्ही येईपर्यंत काहीही करू नका. कृपा करून काहीही करू नका.

संध्याकाळ. थोडा गैरसमज झाला. तो हवालदार निघाला. लायसन्सच्या चौकशीला आलेला. माझ्या आणि खंडेरावच्या, दोघांच्या. कडी खंडेरावनेच काढली, त्याच्या बायकोने, नवसाबाईंनी, पाणी दिलं, चहा दिला, पंख्याखाली बसवलं. या नवरा-बायकोला पुढे-पुढे करायची खोडच आहे. हवालदाराचा शर्ट घामाने चिंब झाला होता. मी माफी मागितली. शिवाय समजावूनही सांगितलं, की बूट तसले घालून साध्या कपड्यात फिरलं तर सुज्ञ नागरिक काय समजणार? त्याने ऐकून घेतलं. जाताना म्हणाला, तुमचं नाव लक्षात राहील.

चांगली गोष्ट आहे. सतर्क नागरिकाचं नाव ठाण्यात लक्षात राहणं म्हणजे अर्धं लायसन्स.

मोहिनीने जेवायला वाढलं. पापड तळलेले होते, मला दिला नाही.

४ ऑक्टोबर

अर्ज नामंजूर. चौकशीचा अहवाल प्रतिकूल.

पहिल्या फेरीत सगळ्यांचाच नामंजूर होत असणार. अपील करता येतं. वरचे साहेब शिकलेले असतात, त्यांना सतर्कता कळते. दसऱ्याच्या आत हुकूम उलटेल, नव्वद टक्के. मोहिनीला तसं सांगितलं. ती म्हणाली, अण्णांना काय सांगू? आणि आत जाऊन रडली. एका रायफलीसाठी इतकं? बायकांचं कळत नाही. मलाही आत काहीतरी होत होतं, पण ते दुपारच्या भज्यांचं असावं.

खंडेरावचं लायसन्स आलं. पेढे घेऊन आला होता. पेढा घेतला. साखर कमी होती.

११ ऑक्टोबर

घरात कुजबुज. नवसाबाई दुपारी येऊन गेल्या. मी आल्यावर दोघी गप्प. रविवारी मोहिनी म्हणे चांदवडला गेली होती आणि खंडेराव म्हणे त्याच दिवशी गावाला. आज फोनवर ती अण्णांना म्हणाली, त्यांना तुम्ही काही बोलू नका. दसऱ्याला मीच सांगते.

आधी नेहमीप्रमाणे डोकं तापलं. मग विचार केला. दसऱ्याला. मला. सांगायचंय. अरे, हा तर सुखद धक्का! अपील पास झालेलं दिसतं, कागद हिच्याकडे आला असणार, आणि अण्णा रायफल घेऊन स्वतः येणार. खंडेराव ओझं उचलायला.

आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं, चौकशी करायची नाही. माणसावर विश्वास ठेवायचा. फार हलकं वाटतं. लोक असे रोज जगतात की काय?

१५ ऑक्टोबर, दसरा, सकाळ

पहाटे उठून आंघोळ. स्टँड पुसला. झेंडूचं तोरण. बंदुकीचं तेल आणून ठेवलंय, मऊ फडकं, पाट, रांगोळी. कॅलिपर ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. तळमजला, वरचे, समोरचे, सगळ्यांना अकराचं बोलावणं. मोहिनी म्हणाली, अहो, ऐका ना, मला काही सांगायचंय. मी डोळा मारून म्हणालो, माहितीय. ती बघतच राहिली. काय अभिनय!

खाली रिक्षा थांबली. अण्णा. खंडेराव. गोधडी. जातो.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ

लिहायचं नव्हतं. पण दिवस कोरा सोडायची सवय नाही.

मी दार सताड उघडून उभा होतो, हातात आरतीचं ताट. अण्णा जिना चढले, माझ्यापाशी थांबले, माझ्या दंडाला धरून दम खाल्ला. आणि गाठोडं माझ्यासमोरून शेजारच्या दारात गेलं.

मोहिनीने तिथेच, जिन्यात सांगितलं. डिसेंबरला ठाण्यात जाऊन गंजली असती. खंडेरावभाऊंकडे राहिली तर अण्णांना कधीतरी बघता तरी येईल. हे तुम्हाला सांगायला मी चार दिवस धडपडत होते. ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली.

शेजारी पाट मांडला होता. खंडेराव म्हणाले, भाऊ, पहिलं फूल तुमचं. मी वाहिलं. डाव्या हाताने वाहिलं, कोणी टोकलं नाही. अण्णा जवळ आले. म्हणाले, पाव्हणं, तुमच्या खांद्याला लागली असती तर जिवाला बरं वाटलं असतं. तेवढंच म्हणाले. रागावले नाहीत.

मग खंडेरावांनी ती खांद्याला लावून दाखवली. उजव्या. गाल डागाच्या दुसऱ्या बाजूला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्यांनी लिव्हर ओढली, जरा अर्धवट ओढली, आणि अण्णा चटकन म्हणाले, पुरी वढा, पुरी, आणि माझ्याकडे बघितलं.

आपल्या घरी पूजा साधीच. मोहिनीचं शिलाई मशीन, साक्षीचं अकरावीचं पुस्तक. कॅलिपर परत काढलं, हळद-कुंकू वाहिलं. अण्णा आपल्याकडेच मुक्कामाला आहेत. जेवताना त्यांच्या हाताकडे नीट पाहिलं. उजव्या हाताने जेवतात, पण पाण्याचा तांब्या डाव्याने उचलतात. माझ्यासारखेच.

आत्ता हॉलमध्ये आलो तर स्टँडवर कोणीतरी लांब दांड्याची छत्री ठेवली आहे. दोन्ही खुंट्यांवर व्यवस्थित बसली. एक सूतभर फरक नाही. मापं बरोबर होती म्हणायची.

छत्री मात्र आपली नाही. उद्या चौकशी.